फोर-केच्या नावाखाली १६,५४० रुपये उकळले

बारशाचं, वाढदिवसाचं शूटिंग घरच्या घरी करायला स्वस्तातला फोर-के कॅमकॉर्डर घेणार असाल तर थांबा. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका दुकानदारानं कॅमेऱ्याचे १३,९९०, मेमरी कार्डाचे १,१५० आणि माइकचे १,४०० असे १६,५४० रुपये आमच्याकडून घेतले. खोक्यावर फोर-के, बिलावर फोर-के. एवढं छापून दिल्यावर गिऱ्हाइकानं आणखी काय तपासायचं?

लबाडी होती डेमोत. कॅमेऱ्याचाच तीन इंची स्क्रीन पुढं करून "बघा की साहेब, कसलं क्लिअर हाय!" तीन इंचांवर काहीही क्लिअरच दिसतं! मागं भिंतीवर मोठा टीव्ही चालू होता. त्यावर लावून दाखवा म्हटल्यावर "पोर्ट बिघडलंय." खोकं परत सरकवायची वेळ तीच होती. घरच्या टीव्हीवर बाळाच्या जावळाच्या जागी नुसता तपकिरी डाग, झबल्यावरची नक्षी पुसलेली.

फोर-के म्हणजे ३८४० बाय २१६०, सुमारे ८३ लाख पिक्सेल. फुल एचडीत जेमतेम २१ लाख. असले कॅमेरे कमी पिक्सेलचं चित्र टिपतात आणि आतल्या आत ताणून फोर-केची फाइल बनवतात. म्हणून प्रॉपर्टीजमध्ये आकडा बरोबरच दिसतो, त्यावर भुलू नका. 'पुढारी'चं छोट्या जाहिरातींचं पान भिंतीला चिकटवा, कॅमेरा स्टँडवर ठेवा, जागा न हलवता एकदा फुल एचडीत आणि एकदा फोर-केत शूट करा. फोर-के टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर फोर-केत बारीक अक्षरं जास्त वाचता आली नाहीत, तर चित्र ताणलेलं आहे. झूम करताना भिंग जागचं हलत नसेल आणि लांबची अक्षरं मोठी होऊन फुटत असतील तर तो डिजिटल झूम, म्हणजे नुसती कातरलेली चौकट. बाळाचा चेहरा हातभर अंतरावरून घ्या. फोकस फिक्स असेल तर तो धूसरच येतो. दुकानातले निम्मे दिवे बंद करायला लावा. घरात संध्याकाळी तेवढाच उजेड असतो.

पोलिसांत गेलो तर "ही दिवाणी बाब आहे." मग वैधमापन, म्हणजे वजनमापं आणि वेष्टनं तपासणाऱ्या, कार्यालयात खोकं नेलं. त्यावर आयातदाराचं नाव-पत्ता नव्हता. परदेशी मालाच्या वेष्टनावर तो छापणं वेष्टनबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांनी सक्तीचं आहे. साहेबांनी खोकं हातातसुद्धा घेतलं नाही. म्हणे, "पत्ताच नाही तर नोटीस कुणाला काढायची?" अहो, पत्ता नाही हाच तर गुन्हा! आणि विकणारा दुकानदार बिलावर पत्त्यासकट आहे, त्याला काढा! तर "अर्ज टपालात टाका, बघू." टपालवाल्या टेबलावर पोच द्यायलाही माणूस नाही. नियम केलेत कुणासाठी?

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार क्रमांक घ्या. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, मुदत दोन वर्षांची. मात्र बिलावर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घेतल्याशिवाय पैसे सोडू नका. आमच्या बिलावर नुसतंच "कॅमेरा फोर-के, १ नग" आहे, आणि दुकानदार आता म्हणतो, हा कॅमेरा आमचा नव्हेच.