दाभोळ–धोपावे फेरीबोट: रोजच्या गिऱ्हाइकाचा अभिप्राय

या फेरीबोटीबद्दल जे काही वाचायला मिळतं ते गुहागरला फिरायला गेलेल्यांनी लिहिलेलं असतं. गाडी बोटीत चढली, पोरं खूष, फोटो झाले. मी राहते दापोलीत आणि नोकरीला गुहागरकडच्या शृंगारतळीच्या एका पतपेढीत. गेली सहा वर्षं रविवार सोडून रोज खाडी ओलांडते. माझ्याकडे फोटो नाहीत, हिशेब आहे.

मधे वाशिष्ठीची खाडी, अलीकडे दापोलीच्या बाजूला दाभोळ, पलीकडे गुहागरच्या बाजूला धोपावे. ती न ओलांडता जायचं तर खेड, परशुराम घाट, चिपळूण आणि मग परत समुद्राकडे, असा शंभरेक किलोमीटरचा वळसा. रुजू झाल्यावर पहिले पंधरा दिवस तो वळसा मी एसटीने मारला. सोळाव्या दिवशी आई म्हणाली, "नोकरी करतेस की कंडक्टरकी?" २००३ पासून ही फेरी चालू आहे, म्हणून माझी नोकरी टिकली.

पाण्यावरचा वेळ दहा-पंधरा मिनिटांचा. डोकं लागतं ते अलीकडे आणि पलीकडे. सुरुवातीला स्कूटर बोटीत घालून नेत होते. गाडीचं तिकीट दोन वेळा, महिन्याचे पंचवीस दिवस. पतपेढीत बसून लोकांचे हप्ते मोजणारी बाई स्वतःचा आकडा मांडायला दोन महिने लागली, हे कबूल करते. मग भावाची जुनी स्कूटर पलीकडे नेऊन ठेवली, धोपाव्यात एका काकींच्या पडवीत. आता दाभोळपर्यंत एक गाडी, बोटीत नुसतं माणसाचं तिकीट, पुढे दुसरी गाडी. काकी भाडं घेत नाहीत. त्यांच्या नातवाचं दहावीचं गणित शनिवारी संध्याकाळी मी घेते. तो पोरगा पास होईल याची खात्री नाही, पण पडवी पक्की आहे.

या व्यवस्थेचा शत्रू म्हणजे खारा वारा. चेन, नटबोल्ट, सायलेन्सर, काही सोडत नाही. त्यात सोमवारी सकाळी बॅटरी बसलेली. मी किका मारत असते आणि काकी ओट्यावरून, "गो, तुजी गाडी आज पन उठत नाय?" आता शनिवारी निघताना बॅटरीची एक वायर सोडवून ठेवते. सीटखाली दहा नंबरचा पाना कायम.

दुसरी गोष्ट, जी पाहुण्यांना कोणी सांगत नाही: भरती-सुकती (सुकती म्हणजे ओहोटी). सुकतीला धक्क्याचा उतार लांब आणि बुळबुळीत होतो. पहिल्या पावसाळ्यात मी शेवाळावरून स्कूटरसकट बसले. चूक माझीच, पुढचा ब्रेक दाबला. मागच्या इनोव्हावाल्यांनी उठवलं. त्या दिवशी एका खलाशाने कोळ्यांचा हिशेब शिकवला: तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराच्या सुमारास सुकती. माझी सकाळची बोट आठच्या आसपासची, म्हणजे द्वितीया-तृतीयेला नेमकी सुकती गाठते. पुनवेला आणि अवसेला सकाळी त्रास नाही, पण संध्याकाळी परतताना पाणी पार खाली. कालनिर्णय लोक एकादशीसाठी बघतात, मी बुटांसाठी बघते. बोटीच्या वेळेला सुकती असेल त्या दिवशी रबरी तळाचे काळे बूट, एरवी चप्पल.

पावसाळ्यात आणखी एक फेरफार. जून ते सप्टेंबर दापोलीहून दाभोळपर्यंत स्कूटर नाही, एसटी. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, त्यामुळे ते पेट्रोलपेक्षाही स्वस्त पडतं आणि रेनकोटच्या आत घामाने भिजायचं वाचतं. एकच अडचण, एसटी आणि बोट यांची वेळ आपसात ठरलेली नाही. एसटी थोडी रेंगाळली की बोटीचा भोंगा उतरणीवरच ऐकू येतो. मग धक्क्यावर चहा आणि समोर अंडा मशिदीचा घुमट बघत पुढच्या फेरीची वाट. वादळाचा बावटा लागला तर सरळ मॅनेजरसाहेबांना फोन. ते शृंगारतळीचेच, त्यांना खाडीचं दुखणं कळत नाही, पण रजा देतात.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कापला तो शनिवारच्या मुंबई-पुण्याच्या गाड्यांच्या रांगेमुळे, आणि त्यात बोटीचा काहीच दोष नाही. चालत जाणाऱ्याला रांग नडत नाही, म्हणून दोन गाड्यांची पद्धत शनिवारी जास्तच वसूल होते. खलाशी माणुसकीचे आहेत. म्हाताऱ्या कोळणीची टोपली न सांगता उचलून आत ठेवतात.

नवीन बदली होऊन येणाऱ्यांसाठी एवढंच: संध्याकाळी धोपाव्याहून परतताना डाव्या बाजूला उभे राहू नका. खाडीचं मुख तिकडे, ऊन थेट डोळ्यांत. सगळे पाहुणे तिथेच मोबाईल धरून असतात. आम्ही रोजचे लोक उजवीकडे सावलीत, पाठ सूर्यास्ताकडे आणि पिशवीतली भाजी निवडत.