म्युझिक प्लेअरचे इअरफोन: आधी कानात बसतात का ते बघा

खिशातल्या छोट्या म्युझिक प्लेअरसाठी घेतलेले वायरचे इअरफोन मी पावसाळ्याच्या आधीपासून रोज वापरतोय. नाशिक रोडहून पंचवटी एक्सप्रेसने मुंबई गाठायची म्हणजे साडेतीन तासांच्या आसपास, त्यामुळे आवाजाइतकीच कान न दुखण्याची काळजी होती. 10 मिलिमीटरचा ड्रायव्हर (आवाज काढणारा आतला छोटा स्पीकर), 16 ओहम (विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप), केबल सुटी होणारी, किंमत दोन हजारांच्या आत. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही, कारण माझ्या कानात बसलेलं तुमच्या कानात बसेलच असं नाही, आणि सगळं तिथेच ठरतं.

पाकिटात तीन मापांच्या सिलिकॉन टिपा येतात. मधली आधीच लावलेली असते आणि बरेच जण तीच ठेवतात. माझा डावा कान बारीक, म्हणून डावीकडे लहान आणि उजवीकडे मधली लावली, तेव्हा डग्ग्याची घुमक दोन्ही बाजूंनी सारखी यायला लागली. टिप आणि कान यांच्यात फट राहिली की खर्जाचे स्वर तिथूनच निसटतात. लोक मात्र 'बेस नाही' म्हणत आणखी महाग इअरफोन शोधत राहतात. तपासायला तानपुरा लावा आणि बड, म्हणजे इअरफोनचा कानात बसणारा भाग, हलकेच आत दाबा. खर्ज एकदम भरून आला तर टिप नीट बसलेली नाही. बहुतेक वेळा एक माप मोठी लागते. अर्ध्या तासात कान ठणकायला लागला तर ती मोठी होतेय.

इगतपुरीनंतर घाटातले बोगदे लागले की डब्यात फार खडखडाट होतो. तिथे फोमच्या टिपा खऱ्या कामाला येतात. बोटांत चिमटून बारीक करायच्या, कानात घालायच्या आणि फुगेपर्यंत धरून ठेवायच्या. बाहेरचा आवाज अडला की प्लेअरचा आवाज वाढवावा लागत नाही, आणि ही गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबल आठवड्याला 40 तास चालतं, 90 डेसिबल मात्र फक्त 4 तास. रोज गाडीत बसणाऱ्याचे ते 4 तास पहिल्याच दिवशी संपतात. फोम घाम आणि मळ शोषून कडक होतो, तो दर काही महिन्यांनी बदलावाच लागतो.

केबल कानावरून मागे घेतली की शर्टाला घासल्याची खरखर जवळजवळ थांबते.

फक्त प्लेअरसाठी घेत असाल तर बिनमाइकचे घ्या, म्हणजे पिनवर दोन काळ्या पट्ट्या असलेले. तीन पट्ट्यांची पिन काही जुन्या प्लेअरमध्ये जुळत नाही. वाद्यं ऐकू येतात आणि गायकाचा आवाज पोकळ, लांबून आल्यासारखा येतो. ओहम 16 ते 32 पुरेत. 250-300 ओहमचे हेडफोन छोट्या प्लेअरवर दबलेलेच वाजतात.

मध्यंतरी उजवी बाजू मंद झाली होती. जाळीत मळ अडकला होता. बडचं तोंड खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने झाडल्यावर आवाज पूर्ववत झाला.

नाशिकच्या एम. जी. रोडला खरेदीला जाताना स्वतःचा प्लेअर न्या, आणि सुट्या टिपा घेताना बड सोबत ठेवा. टिप ज्या नळीवर चढते तिची जाडी प्रत्येक मॉडेलची वेगळी असते, आणि सैल टिप कानातच राहून जाते.