तीन टनी फोर-व्हील ड्राइव्ह फोर्कलिफ्ट: खडीत, चिखलात, उतारावर

आमच्या यार्डात पाइप आणि लाकूड उघड्यावरच उतरतं. खाली खडी, मध्ये चाकोऱ्या, कडेला उतार. गोदामातली भरीव टायरची गाडी इथे आणली की रुततेच, म्हणून ही डिझेलवरची आली. रोज मीच चालवतो.

चिखलातून निघण्यात हिला तोड नाही. टायर मोठे, हवेचे. पोट जमिनीपासून चांगलं उंच. मागचा अॅक्सल मधल्या पिनवर डोलतो, त्यामुळे खड्ड्यातही चारही चाकं टेकलेली राहतात. पण त्याच पिनमुळे गाडीचा तोल तीनच बिंदूंवर असतो: पुढची दोन चाकं आणि ती पिन. लोडसकट वजनाचा मध्य या त्रिकोणाबाहेर गेला की गाडी आडवी! फोर-व्हील ड्राइव्हचा तिथे काही उपयोग नाही. नव्या पोरांना हे पटवताना घसा बसतो.

क्षमतेची प्लेट डॅशबोर्डखाली कुणी लावली देव जाणे. वाचायला वाकावं लागतं. आणि वाचावी तर लागतेच, कारण ते तीन टन सपाट, टणक जमिनीवरचे, लोडचा मध्य फोर्कच्या उभ्या पाठीपासून ५०० मिमीवर असतानाचे. लाकडाचा गठ्ठा फोर्कच्या दिशेने दीड मीटर असला की मध्य ७५० मिमीवर जातो. मग कसले तीन टन?

दुसरी तक्रार आरशांची. भरलेली गाडी उतारावर चढताना पुढे तोंड करून आणि उतरताना रिव्हर्समध्येच न्यायची, म्हणजे लोड कायम चढाच्या बाजूला राहतो. रिकामी असली की उलट, फोर्क उताराकडे. उतारावर वळायचं नाही, आडवं जायचं नाही. इतकं रिव्हर्स चालवायचं आणि आरसे तळहाताएवढे! शेवटी मान वळवूनच बघावं लागतं.

सीट कडक आहे, पण बेल्ट उत्तम. जाड हिवाळी जॅकेटवरूनही बसतो. तो लावाच. गाडी कलंडायला लागली की उडी मारावीशी वाटते, आणि उडी मारणाराच वरच्या जाळीखाली सापडतो. स्टिअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे, पडण्याच्या उलट बाजूला झुकायचं.

सपाट काँक्रीट असेल तर ही घेऊ नका, वळायला फार जागा खाते. आम्हाला डेमो कोरड्या पटांगणात, रिकाम्या पॅलेटवर दाखवला होता. तुम्ही तुमच्याच चिखलात, तुमचाच लोड उचलून मागा.