वॉर रेम्नंट्स म्युझियम, सायगाव: आधी थेट वरच्या मजल्यावर जा

पाचपैकी साडेतीन तारे. ग्रुप टूरबरोबर जाऊन पाऊण तासात बाहेर पडणार असाल तर दोनच समजा.

व्हिएतनाममध्ये अमेरिकेने लढलेल्या युद्धाचं हे म्युझियम. शहराचं कागदोपत्री नाव हो ची मिन्ह सिटी, पण तिथले लोक बोलताना अजून सायगावच म्हणतात. तिकीट ४० हजार डाँग, आपले सव्वाशे-दीडशे रुपये. आमच्या टूर मॅनेजरने (कंपनीचं नाव घेत नाही) पाऊण तास दिला आणि त्यातला अर्धा आवारातच गेला. तिथे ह्युई हेलिकॉप्टर, एम-४८ रणगाडा, एफ-५ विमान असं सगळं मांडून ठेवलंय आणि ग्रुपमधल्या प्रत्येकाला रणगाड्यापुढे फोटो हवा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला, दार उघडायच्या वेळी, मी एकटाच परत गेलो. बायको बेन थान्ह मार्केटला गेली. तिचा निर्णय जास्त शहाणपणाचा होता, असं ती अजूनही म्हणते.

बहुतेक लोक तळमजल्यापासून सुरुवात करतात, एजंट ऑरेंजच्या (अमेरिकेने फवारलेलं विषारी रसायन) दालनात पोचतात आणि तिथे त्यांचा धीर संपतो. ते साहजिक आहे. ते फोटो बघून झाल्यावर तारखा वाचायची ताकद कोणात उरते? म्हणून वरच्या ‘ऐतिहासिक सत्ये’ या दालनात शुकशुकाट असतो. मला मात्र तेच पाहायचं होतं. एवढ्या लांबची अमेरिका इथे पाच लाखांवर फौज घेऊन कशी अडकली?

माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्जविभागात झाली. तो इतिहास ओळीने वाचताना मला एक बुडीत खातंच दिसत होतं. १९४९ मध्ये चीन कम्युनिस्ट माओच्या हातात गेला आणि ‘चीन कोणी घालवला’ म्हणून अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांच्या पक्षाला वॉशिंग्टनमध्ये फाडून खाल्लं जात होतं. १९५० मध्ये ट्रुमननी व्हिएतनाममधल्या लढाईसाठी फ्रान्सला मदत सुरू केली. फ्रान्सला कम्युनिझमपेक्षा आपली वसाहत परत हवी होती, पण अर्जावर कारण कम्युनिझमचं लिहिलं की मंजुरी मिळायची. १९५४ येईतो त्या लढाईचा सुमारे तीन-चतुर्थांश खर्च अमेरिका उचलत होती. ७ मे १९५४ ला दिएन बिएन फू हा फ्रेंचांचा तळ पडला आणि कर्जदार उठून गेला.

खातं तिथेच राइट-ऑफ करायचं, तर पुढचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी नवा कर्जदार धरला, दक्षिण व्हिएतनामचे न्गो दिन्ह दिएम. १९५४ च्या जिनिव्हा कराराने देशाचे उत्तर-दक्षिण असे दोन भाग केले होते आणि १९५६ मध्ये दोन्ही व्हिएतनाममध्ये मिळून निवडणूक व्हायची होती. उत्तरेचे कम्युनिस्ट नेते हो ची मिन्ह जिंकतील हे सगळ्यांना दिसत होतं, म्हणून दिएमनी ती होऊच दिली नाही आणि अमेरिकेने मान डोलावली. केनेडी आले तेव्हा तिथे अमेरिकन सल्लागार हजाराच्या आत होते, १९६३ अखेर सुमारे १६ हजार. त्याच नोव्हेंबरात दिएमच्याच सेनापतींनी उठाव करून त्यांना मारलं. उठावाला अमेरिकेची आडून संमती होती. म्हणजे यापुढे सायगावात जे कोणी खुर्चीवर बसेल, त्याची हमी आपोआप अमेरिकेच्या गळ्यात.

ऑगस्ट १९६४ चं टोंकिन आखाताचं प्रकरण सावकाश समजून घ्या. २ तारखेला मॅडॉक्स या अमेरिकन युद्धनौकेवर उत्तर व्हिएतनामच्या टॉर्पेडो बोटींनी हल्ला केला, तो खरा. ४ तारखेचा दुसरा हल्ला झालाच नव्हता. तरी ७ तारखेला अमेरिकन काँग्रेसने तेव्हाचे अध्यक्ष जॉन्सन यांना हवी तशी कारवाई करायची मोकळीक दिली: प्रतिनिधीगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. मार्च १९६५ मध्ये उत्तरेवर सलग बॉम्बफेक सुरू झाली. विमानतळाला पहारा हवा म्हणून ८ मार्चला दा नांगच्या किनाऱ्यावर साडेतीन हजार मरीन उतरले, मुलींनी त्यांना हार घातले. पहारेकऱ्यांपासून सुरुवात झाली आणि वर्षअखेर फौज १ लाख ८४ हजार!

आधी वाचलेला एक कागद मला तिथे सारखा आठवत होता. अमेरिकेच्या संरक्षण खात्यातल्या जॉन मॅकनॉटन यांनी त्याच मार्चमध्ये टिपण लिहिलं होतं, आपण इथे का आहोत त्याचं. ७० टक्के अमेरिकेची नामुष्की टाळायला, २० टक्के हा प्रदेश चीनच्या हाती जाऊ नये म्हणून, १० टक्के तिथल्या लोकांना बरं आयुष्य मिळावं म्हणून. इतकं प्रामाणिक नोटिंग मी कुठल्याही कर्जाच्या फायलीत पाहिलेलं नाही.

आता तारे का कापले ते. हे सरकारी म्युझियम आहे. १९७५ मध्ये उघडलं तेव्हा नावातच अमेरिका आणि तिच्या कळसूत्री बाहुल्यांचे ‘गुन्हे’ होते. सध्याचं मवाळ नाव १९९५ चं, अमेरिकेशी संबंध जुळले त्या वर्षीचं. मजकुराचा सूर तेवढा मवाळ झालेला नाही. १९५४ नंतर उत्तरेतून आठ लाखांवर माणसं दक्षिणेला का निघून आली, १९६८ मध्ये ह्युए शहरात कम्युनिस्टांनी किती नागरिक मारले, १९७५ नंतर लोक होड्यांत बसून का पळाले, यावर मला एक ओळ दिसली नाही. जिनिव्हा कराराच्या देखरेखीसाठी भारत, कॅनडा आणि पोलंडचा आयोग होता, अध्यक्ष भारत. १९६२ च्या अहवालात भारत आणि कॅनडाने दोन्ही बाजूंवर करारभंगाचा ठपका ठेवला होता. त्याचा फलक इथे लागला असता तर मी अर्धा तारा वाढवून दिला असता.

वरच्याच मजल्यावर युद्धात मेलेल्या छायाचित्रकारांचं प्रदर्शन आहे, दोन्ही बाजूंच्या. ते चुकवू नका. रॉबर्ट कापा १९५४ मध्ये सुरुंगावर पाय पडून गेले, लॅरी बरोज १९७१ मध्ये लाओसवर हेलिकॉप्टर पडून. इथे कोणी भाषण करत नाही, म्हणूनच मी इथे सगळ्यात जास्त वेळ थांबलो.

लहान मुलांना मधल्या मजल्यावर नेऊ नका. पाण्याची बाटली जवळ ठेवा, उकाडा भयंकर असतो. दोन-अडीच तास हातात ठेवा, आणि पायांत जोर उरला तर जवळच इंडिपेंडन्स पॅलेस आहे, चालत जाता येतं. तिथलं तळघर बघाच, नकाशे आणि जुने टेलिफोन अजून जागेवर आहेत. तिकीट वेगळं पडतं.