न जमलेल्या जोड्यांचा हिशेब: तीन सॉफ्टवेअरचा अनुभव

फळमाश्यांचं प्रणयाराधन बघण्यात माझी तीन वर्षं गेली. नर मादीच्या मागे लागतो, एक पंख ताणून थरथरवतो, मादी लाथ मारते, की पुन्हा पहिल्यापासून. बघायला गंमत वाटते, आकडेमोडीला बसलं की घाम फुटतो. त्या आकडेमोडीसाठी वापरलेली ही तीन सॉफ्टवेअर. तिन्ही फुकट.

नोंदींसाठी बोरिस. व्हिडिओ चालू ठेवायचा आणि प्रत्येक वर्तनाला ठरलेली कळ दाबायची. पंखाची थरथर काही वेळ चालते, लाथ क्षणात संपते. कोणतं वर्तन कुठल्या प्रकारचं, हे वर्तनसूचीत आधीच सांगून ठेवावं लागतं. मी थरथरसुद्धा क्षणिक म्हणून टाकली आणि बारा व्हिडिओ पुन्हा बघत बसले. चूक माझीच. एकच व्हिडिओ दोघांनी नोंदवला तर त्यात कोहेनचा कप्पा, म्हणजे दोघांच्या नोंदी किती जुळतात हे सांगणारा आकडाही काढता येतो. ‘पाठलाग’ नेमका कशाला म्हणायचं यावर माझं आणि मैत्रिणीचं अजिबात जुळत नव्हतं, हे आम्हाला तिथेच कळलं.

जेमेटिंग हा २००६ साली आलेला, जावामध्ये लिहिलेला प्रोग्रॅम. काम एकच, पण चोख. समजा, अ आणि ब अशा दोन प्रकारच्या माश्या एकत्र सोडल्या आणि १०० जोड्या जमल्या: अ मादी-अ नर ३०, अ मादी-ब नर २०, ब मादी-अ नर १०, ब मादी-ब नर ४०. निवड आंधळी असती तर याच क्रमाने २०, ३०, २०, ३० जोड्या दिसायला हव्या होत्या. त्यावरून आय-पीएसआय हा आवडनिवड मोजणारा निर्देशांक सुमारे ०.४२ येतो, शून्य म्हणजे आवडनिवड नाही, १ म्हणजे फक्त आपल्याच प्रकाराशी संग. यात ब नरांना ६० जोड्या मिळाल्यात. सोडताना दोन्ही प्रकारचे नर संख्येने सारखेच असतील, तर ब नर मुळातच चळवळे असणार. ही गोष्ट आवडनिवडीत मिसळू न देता प्रोग्रॅम तिचा पीएसएस नावाचा आकडा वेगळा काढतो. हाताने हे करणं जमतं, पण बूटस्ट्रॅपसकट (त्याच जोड्यांतून पुन्हा पुन्हा नमुने काढून आकडा किती डळमळतो ते बघणं) करायचं म्हणजे वैताग.

मात्र त्याला वेळ कळत नाही, फक्त जोड्यांची संख्या कळते. माझा खरा प्रश्न होता, जोडी जमायला किती मिनिटं लागतात? निरीक्षण ६० मिनिटांचं. ज्या जोड्या जमल्याच नाहीत, त्यांच्यापुढे मी स्प्रेडशीटमध्ये खुशाल ६० लिहून सरासरी काढली होती. मार्गदर्शक बाईंनी एवढंच विचारलं, “एकसष्टाव्या मिनिटाला जमली नसती कशावरून?”

तिथून मी ‘आर’ या आकडेवारीच्या प्रोग्रॅमिंग भाषेकडे वळले. त्यातल्या सर्व्हायव्हल पॅकेजमध्ये अशा जोडीची नोंद ‘६० मिनिटांपर्यंत तरी नाही’ अशी करता येते. जमलेल्या जोडीला १, न जमलेल्या जोडीला ०, आणि त्यावर कॉक्सचं मॉडेल, म्हणजे कशाकशाने जोडी लवकर किंवा उशिरा जमते ते सांगणारं. शिकायला दोन आठवडे गेले, पण या कामासाठी तिघांत माझं मत यालाच.

एक तक्रार आहे. १ आणि ० उलटे भरले तरी ‘आर’ चकार शब्द काढत नाही. माझ्या पहिल्या आलेखात अजून न जमलेल्या जोड्यांचं प्रमाण दाखवणारी रेघ तासभर सपाट होती आणि साठाव्या मिनिटाला कड्यावरून पडावी तशी थेट शून्यावर कोसळली होती. मी तो आलेख रंग देऊन बाईंना पाठवलासुद्धा होता.