नाताळचा फराळ घरी करायचा की ऑर्डर द्यायची? घरात लहान मुलं आणि दोघांची नोकरी असेल तर

डिसेंबर लागला की वसई-मुंबईतल्या ख्रिस्ती घरांत हा विषय निघतोच. दोघंही नोकरीला, विरार लोकलमध्येच दिवसाचे दोन-तीन तास जातात, घरी एक पोर बालवाडीत आणि एक अजून कडेवर, अशा वेळी आजी करायची तसं सगळंच्या सगळं घरी करणं जमत नाही आणि त्याचं वाईटही वाटून घेऊ नका. पण सगळंच विकत आणलं तर पोरांना नाताळ म्हणजे नुसता डबा उघडून खायचं एवढंच कळतं, त्याचं मात्र मला खरंच वाईट वाटतं. म्हणून मी पदार्थ बघून ठरवते. मुलांचा हात लागू शकतो का? लागत असेल तर घरी, नसेल तर खुशाल ऑर्डर.

कलकल, म्हणजे शिंपल्यासारखे वळून तळलेले छोटे गोड तुकडे, घरीच, यात मी तडजोड करत नाही. मैदा, थोडा रवा, अंडं, नारळाचा दाट रस, पिठीसाखर, चिमूटभर मीठ आणि कडकडीत तुपाचं मोहन, मळून तासभर झाकून ठेवायचं. मग बोराएवढी गोळी काटेचमच्याच्या पाठीवर दाबायची आणि गुंडाळत आणायची, काटा टोचेल अशी भीती असेल तर नवा कोरा कंगवा घ्या, रेघा तशाच सुंदर उठतात. चार वर्षांच्या पोरालाही हे जमतं, वाकडं होईल, एक मोठं एक बारीक होईल, होऊ दे. फक्त शेवटची कड घट्ट दाबली का ते बघा, नाहीतर तेलात उलगडतं. तळण मात्र मुलं झोपल्यावरच. आणि नोकरीवाल्यांसाठी सगळ्यात सोयीचं म्हणजे पूर्ण गार करून हवाबंद डब्यात भरलं की दोन-तीन आठवडे आरामात टिकतं, त्यामुळे डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारीच उरकून टाकता येतं.

याच्या उलट दोदोल, म्हणजे हलव्यासारखी मऊ, चिकट मिठाई. माडाचा काळा गूळ, तांदळाचं पीठ, नारळाचा रस, आणि तासन् तास न थांबता ढवळायचं, वर ते गरम चिकट मिश्रण उडतं आणि अंगाला लागलं तर सोडत नाही. पायात घुटमळणारं मूल असलेल्या घरात हे नकोच. बेबिंका या थरांच्या गोड पदार्थाचंही तेच, एक थर भाजला की दुसरा ओतायचा, समोरून हलता येत नाही. गोव्याच्या बेबिंकाला 2023 मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालंय, तिथून कुणी येणार असेल तर मागवून घ्या, आणि करणाऱ्या बाईला तिच्या कष्टाचे पैसे घासाघीस न करता द्या.

मिल्क क्रीम (आटवलेल्या दुधाची मिठाई) आणि मार्झिपॅन (वाटलेल्या बदाम-साखरेची मिठाई) दिसायला भावंडं, पण कामात फरक आहे. मिल्क क्रीम आटवायचं काम मोठ्यांचं, पण गोळा कोमट झाला की तूप लावलेल्या रबरी साच्यात दाबायला पोरं एका पायावर तयार असतात, म्हणून ते घरी. मार्झिपॅनला बदाम भिजवा, सोला, बारीक वाटा, महागही पडतं, ते मी बाहेरून घेते. ऑर्डर देताना बदामाचं आहे का काजूचं ते नीट विचारून घ्या, भावात बराच फरक असतो. नेवऱ्या, म्हणजे करंज्या, वेळ असेल तरच, आणि लवकर करणार असाल तर सारण सुक्या खोबऱ्याचं ठेवा, ओल्याचं फार टिकत नाही.

केक दोन्हीकडे चालतो. घरी केलात तर मनुका-टुटीफ्रुटी रमऐवजी संत्र्याच्या रसात आदल्या रात्री फ्रिजमध्ये भिजवा म्हणजे मुलांनाही देता येतो. विकतचा घेणार असाल तर पंधरा तारखेच्या आत सांगून ठेवा, नंतर घरगुती करणाऱ्या बायका ऑर्डरच घेत नाहीत.

येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा तयार मिळतो, छान असतो, पण मूर्ती तेवढ्या विकत घ्या आणि बाकीचं मुलांना करू द्या. साधारण पंधरा तारखेला वाटीत माती घालून नाचणी किंवा गहू पेरा, रोज पाणी शिंपडायचं काम पोरांवर सोपवा, 24 पर्यंत गव्हाणीभोवती लावायला हिरवंगार गवत तयार. स्टार, म्हणजे चांदणीचा कंदील, बांबू आणि पतंगाच्या कागदाचा केलात तर आत एलईडीच लावा, जुना बल्ब तापतो आणि कागद पेट घेऊ शकतो.

राहिली मिस्सा, म्हणजे चर्चची नाताळची उपासना. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद या नियमामुळे बऱ्याच ठिकाणी 24 ची मिस्सा आता रात्री लवकरच होते, तरी मैदानात दव पडतं आणि तान्हं मूल घेऊन बसणं कठीण जातं. गायनाची मजा रात्रीच, हे खरंय, म्हणून मूल सहा-सात वर्षांचं असेल तर स्वेटर-टोपी घालून न्याच. त्याहून लहान असेल तर 25 ची सकाळची बरी, मूल झोप काढून ताजं असतं, आपलंही लक्ष प्रार्थनेत राहतं. शिवाय 24 ची संध्याकाळ मोकळी मिळते, तेव्हा शेजाऱ्यांकडे फराळाची ताटं पोचवून घ्या, दिवाळीला ज्यांच्याकडून आलं त्यांच्याकडे आधी, आणि वाटून झालं की सकाळचे कपडे इस्त्री करून ठेवा.