मुशिहिमेसामा स्विचवर: बरेच महिने खेळल्यानंतर

'मुशिहिमेसामा' हा शत्रूंच्या गोळ्या चुकवत त्यांना मारत पुढे जायचा गेम. तो घ्यायचा विचार असेल, तर आधी एवढंच बघा की तुमचा स्विच (निन्टेंडोचा गेम कन्सोल) उभा ठेवून खेळायची सोय होईल का. माझ्या मते या गेमच्या अनुभवातला निम्मा फरक तिथेच पडतो.

कारण साधं आहे. केव्ह कंपनीने हा गेम 2004 मध्ये आर्केडच्या, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांच्या, उभ्या मॉनिटरसाठी बनवला. मूळ चित्र 240 बाय 320 पिक्सेलचं, म्हणजे रुंदीपेक्षा उंची जास्त. स्विचचा स्क्रीन आडवा धरला की त्या चित्राला स्क्रीनचा जेमतेम 42 टक्के भाग मिळतो, बाकी दोन्ही बाजूंना सजावट. गेमच्या सेटिंगमध्ये चित्र फिरवून स्क्रीन उभा केला की हाच वाटा 75 टक्क्यांवर जातो. हातात धरायच्या साध्या स्विचचा स्क्रीन 6.2 इंची आहे, तिथे हा फरक थेट डोळ्यांना जाणवतो: आडव्या स्क्रीनवर गोळ्यांमधली फट दिसतच नाही, उभ्यावर दिसते. मी फ्लिप ग्रिप नावाची प्लॅस्टिकची चौकट वापरतो. स्क्रीन तिच्यात उभा बसतो आणि दोन्ही जॉय-कॉन (स्विचचे सुटे होणारे कंट्रोलर) बाजूंना अडकतात. चौकट नसेल तर कन्सोल कशाला तरी टेकवून उभा करा आणि कंट्रोलर वेगळा घ्या, तरी चालतं.

आता गेमबद्दल. राजकन्या रेको किनिरो नावाच्या सोनेरी भुंग्यावर बसून जंगलात शिरते, गावावर आलेल्या आजारावर उपाय मागायला जंगलाच्या देवाकडे निघालेली. वाटेत सगळे शत्रू कीटक: अवाढव्य, कवचधारी, आणि गोळ्यांचा पाऊस पाडणारे. पाच टप्पे, सलग खेळलं तर वीस-पंचवीस मिनिटांत शेवट. हे वाचून कुणाला गेम छोटा वाटेल. पण एकाच क्रेडिटमध्ये, म्हणजे सगळे जीव संपल्यावर तिथूनच पुढे खेळायचा 'कंटिन्यू' एकदाही न घेता तो पार करायचा, हे एकदा मनावर घेतलं की तीच वीस मिनिटं महिनोन्‌महिने पुरतात.

मोड तीन आहेत. ओरिजिनल, मॅनिअॅक आणि अल्ट्रा. नवा माणूस ओरिजिनलकडे जातो कारण तिथे गोळ्या कमी. खरं आहे, पण त्या वेगाने येतात आणि विचाराला वेळ देत नाहीत. मॅनिअॅकमध्ये पडदा गोळ्यांनी भरून जातो, तरी बऱ्याच ठिकाणी त्या संथ सरकतात, त्यामुळे वाट वाचता येते. कुणाचे हात चपळ, कुणाची नजर शांत. त्याप्रमाणे कुठला मोड आधी जमेल ते ठरतं. म्हणून दोन्ही करून बघा. नॉव्हिस नावाचा सोपा प्रकारही दिलेला आहे, आणि सुरुवात तिथून करण्यात काही कमीपणा नाही.

गोळ्या चुकवणं जमू लागतं ते नेमकं कशाने, यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण मला या गेमची खरी गोडी तिथे लागली. रेको आणि भुंगा मिळून चित्र मोठं दिसतं, पण गोळी लागली असं धरलं जातं ते मधल्या अगदी बारीकशा जागेवर. पंखाला, शिंगाला गोळी घासून गेली तरी काही होत नाही. हे डोक्याला लगेच कळतं, बोटांना पटायला वेळ लागतो. मग लक्षात येतं की गोळ्या दोन जातींच्या आहेत. काही तुमच्यावर नेम धरून सुटतात, काही ठरलेल्या नक्षीत पसरतात. नेम धरणाऱ्यांसाठी एका कोपऱ्यातून सुरुवात करून एकाच दिशेने थोडं थोडं सरकत राहायचं, म्हणजे सगळा मारा तुमच्या मागे एका पट्ट्यात साचतो. दुसऱ्या कडेला पोचायच्या आत एका झटक्यात फट काढून उलट वळायचं. नक्षीच्या गोळ्यांसमोर मात्र उगाच हलायचं नाही, फट जवळ येऊ द्यायची. अवघड जागा त्याच, जिथे दोन्ही एकत्र येतात: नक्षी तुमची वाट अडवते आणि नेमाच्या गोळ्या तुम्हाला थांबू देत नाहीत. गोळीबाराचं बटण दाबून धरलं की रेकोचा वेग कमी होतो, तो अशा वेळी कामाला येतो. ऑटोफायरच्या, म्हणजे आपोआप गोळीबाराच्या, वेगळ्या बटणावर ती पूर्ण वेगाने फिरते. ही दोन बटणं आलटून पालटून वापरायला शिकणं म्हणजेच जवळपास अर्धा गेम शिकणं.

आणि बॉम्ब, म्हणजे अडचणीत पडदा साफ करणारं मोजकं अस्त्र, वापरा. बॉम्ब शिल्लक असताना जीव जाणं हे या गेममधलं सगळ्यात महागडं नुकसान आहे.

घरच्या आवृत्तीचं सगळ्यात मोठं देणं म्हणजे ट्रेनिंग मोड. नको असलेला भाग पुन्हा पुन्हा पार न करता थेट अडलेल्या टप्प्यावर जाता येतं. आर्केडमध्ये पाचवा टप्पा दिसायला आधीचे चार जिंकावे लागत, त्यामुळे सरावाची सगळ्यात जास्त गरज जिथे, तिथेच सराव सगळ्यात कमी. इथे ती अडचणच संपते.

पडदा गोळ्यांनी भरला की गेम मधेच मंदावतो, तो दोष समजू नका. मूळ आर्केड यंत्रावरही गोळ्या फार झाल्या की गती पडायची आणि अवघड जागा त्या गतीतच खेळल्या जायच्या. तो मंदपणा काढून टाकला तर काही भाग माणसाच्या हाताबाहेर जातील.

टीव्हीवर खेळणार असाल तर टीव्हीचा गेम मोड (चित्र दाखवण्यातला उशीर कमी करणारी सेटिंग) चालू केल्याशिवाय सुरुवात करू नका. गेम सेकंदाला 60 फ्रेमने, म्हणजे 60 चित्रांनी चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण 17 मिलिसेकंदांची. टीव्हीने चित्र दाखवायला 50 मिलिसेकंद जास्त घेतले तर तुम्ही तीन फ्रेम जुनं दृश्य बघून निर्णय घेताय. इतर गेममध्ये हे खपून जातं, इथे नाही. जॉय-कॉनवर दिशा देणारा सलग अधिक-चिन्हासारखा डी-पॅड नसून चार सुटी बटणं आहेत. तिरपी हालचाल त्यांवर जड जाते. चांगला डी-पॅड असलेला कंट्रोलर किंवा आर्केड स्टिक मिळाली तर उत्तमच.

एक गोष्ट खरोखर कमी वाटते. गुण कसे वाढतात, आकडे कशामुळे चढतात, हे नव्या माणसाला खेळता खेळता कळत नाही. ओरिजिनल आणि मॅनिअॅकची गणितं वेगळी आहेत, ती अनुभवी लोकांचे व्हिडिओ बघूनच उमगतात. नुसतं जिवंत राहायचं असेल तर फरक पडत नाही, पण स्कोअरची ओढ असलेल्याला पडतो.

ओरिजिनल मी एका क्रेडिटमध्ये पार केला. सध्या मॅनिअॅकचा चौथा टप्पा ट्रेनिंगमध्ये लावतो आणि रोज झोपायच्या आधी तेवढाच खेळतो. अल्ट्रामध्ये गोळ्यांची संख्या आणि वेग दोन्ही एकदम वाढतात. तो मी अजून फक्त दुसऱ्यांनी खेळलेला बघतो, आणि नुसतं बघायलासुद्धा भारी वाटतं.